लोकालोक

गेले दोन-तीन आठवडे माझ्या स्क्रीनवर दोन चित्रं शेजारी शेजारी उघडी आहेत. डावीकडे फ्रा माउरो नावाच्या एका मठवासी साधूने सुमारे 1450 साली, व्हेनिसच्या लगतच्या बेटावर बसून केलेला जगाचा नकाशा. आणि उजवीकडे विज्ञानाचा नकाशा, म्हणजे हजारो जर्नल्समधले पेपर एकमेकांचे संदर्भ कसे देतात त्यावरून कॉम्प्युटरने मांडलेलं चित्र, रंगीत ठिपक्यांचे पुंजके आणि त्यांच्यामधून गेलेल्या केसासारख्या बारीक रेषा. कामातून डोकं वर काढलं की मी दोन्हींत थोडं थोडं भटकून येते, आणि असं भटकता भटकता एक गोष्ट आधी नुसती जाणवली आणि मग काही केल्या मनातून जाईना. डावीकडच्या नकाशाला कड आहे. जमीन संपते, पाणी सुरू होतं, पाण्यानंतर चौकट. उजवीकडच्याला कडच नाही. ठिपके आहेत तिथपर्यंत विज्ञान, पुढे नुसता पांढरा स्क्रीन, आणि तो पांढरा म्हणजे नेमकं काय हे कुठेही लिहिलेलं नाही.

आधी डावीकडचं सांगते. हा नकाशा गोल आहे, चर्मपत्रावर काढून लाकडावर बसवलेला, साधारण दोन मीटर व्यासाचा, आणि त्यात दक्षिण वर आहे, त्यामुळे पहिल्यांदा बघताना काहीच ओळखू येत नाही, आफ्रिका वर पसरलेली आणि युरोप खाली उजवीकडे. मग मान वाकडी करून बघितलं की हळूहळू अरे हा तर भूमध्य समुद्र, अशी एकेक ओळख पटत जाते. पण मला धरून ठेवलं ते आकारांनी नाही, मजकुराने. या नकाशावर जवळजवळ 3000 टिपा आहेत आणि त्यातल्या काहींमधे हा माणूस सरळ बघणाऱ्याशी बोलतो. पृथ्वीच्या घेराबद्दल लिहिताना तो सांगतो की कुणी 22,500 मैल म्हणतं, कुणी 24,000, कुणी जास्त कुणी कमी, पण यातलं काहीच प्रत्यक्ष तपासून बघितलेलं नाही, तेव्हा त्यावर फार भरवसा ठेवता येत नाही. टॉलेमी या प्राचीन भूगोलतज्ज्ञाबद्दल लिहिताना म्हणतो की त्याच्या अक्षांश-रेखांशांची शिस्त मी तंतोतंत पाळली असती तर त्याला ठाऊक नसलेले कितीतरी प्रांत गाळावे लागले असते. म्हणजे तेराशे वर्षं ज्याचा शब्द प्रमाण मानला त्याला अगदी आदराने बाजूला ठेवायचं, आणि का ठेवलं तेही नकाशावरच लिहून टाकायचं. टॉलेमीने हिंदी महासागर चारी बाजूंनी जमिनीने बंद दाखवला होता, फ्रा माउरोने तो उघडा दाखवला, कारण खलाशी तसं सांगत होते.

आणि सगळ्यात सुंदर टीप जेरुसलेमची आहे. त्याच्या आधीच्या युरोपातल्या कितीतरी नकाशांत जेरुसलेम बरोब्बर मध्यभागी असायचं, इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या चर्चमधे सुमारे 1300 सालचा जो प्रचंड नकाशा आहे, एका अख्ख्या वासराच्या कातड्यावरचा, त्यातही ते वर्तुळाच्या मध्यावर आहे. फ्रा माउरोला पूर्वेबद्दल जास्त माहिती मिळाली होती, आशिया पूर्वीच्या समजुतीपेक्षा खूप मोठा निघाला, त्यामुळे जेरुसलेम आपोआप मधून सरकलं. श्रद्धाळू माणसाला हे किती जड गेलं असेल. पण त्याने मिळालेली माहिती दडवली नाही, जागा सरकवली आणि शेजारी खुलासा लिहिला की रिकामी जागा धरून मोजलं तर हे शहर थोडं पश्चिमेला येतं, पण पश्चिमेकडे वस्ती दाट आहे, तेव्हा जागेऐवजी माणसं मोजली तर जेरुसलेम अजूनही मधेच आहे.

हे वाचून मी खुर्चीत जरा सावरूनच बसले, कारण उजवीकडचा नकाशा याच नियमावर उभा आहे. तिथे जागा मोजतच नाहीत, वस्ती मोजतात. जिथे पेपर जास्त तिथे प्रदेश मोठा. औषधशास्त्र, जीवरसायन, आरोग्य यांचे पुंजके खंडाएवढे पसरलेले, आणि गणित कुठेतरी कडेला चिमूटभर, कारण गणितात पेपर कमी लिहिले जातात आणि त्यांच्या शेवटी संदर्भांची यादीही छोटीच असते. ज्याच्याशिवाय बाकीच्यांचं पान हलत नाही तो विषय नकाशावर एखाद्या बेटाएवढा दिसतो. मर्केटरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं आणि खरं तर आफ्रिका त्याच्या 14 पट मोठी आहे, हे आता बहुतेकांना माहीत असतं, पण मर्केटरने 1569 मधे ते जे ताणलं ते खलाशांसाठी, होकायंत्राची एक दिशा धरली तर नकाशावर ती सरळ रेष यावी म्हणून. ताणण्यामागे काम होतं. विज्ञानाच्या नकाशात कोण कुणासाठी काय ताणतंय हा प्रश्न विचारायची सवय अजून आपल्याला लागलेली नाही. आणि असे नकाशे बघून कुठे पैसा लावायचा, कुठला विषय वाढतोय, याचे निर्णय होत असतील तर ती सवय लवकर लागायला हवी.

बाकी सगळ्या जुन्या नकाशांत मधे कोण आहे हे बघण्यात मला नेहमीच रस वाटत आलाय. बॅबिलोनची ती मातीची पाटी, ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आसपासची, तळहाताएवढी, तिच्यात बॅबिलोन ठळक, मधून युफ्रेटीस वाहतेय, भोवती खाऱ्या पाण्याचं कडं. 1402 सालचा कोरियातला नकाशा, त्यात चीन मधे ऐसपैस आणि कोरिया जवळजवळ आफ्रिकेशी बरोबरी करणारा. 1154 मधे अल इद्रिसीने सिसिलीच्या राजा रॉजरसाठी केलेला नकाशा मात्र या सगळ्यांत मला वेगळा वाटतो, दक्षिण वर असलेलाच, पण त्यामागची पद्धत बघा, वर्षानुवर्षं प्रवाशांना बोलावून विचारायचं, आणि ज्या बाबतीत त्यांचं सांगणं जुळलं तेवढंच नकाशात घ्यायचं, जुळलं नाही ते सोडून द्यायचं. आपल्या पुराणांतलं भूगोलवर्णनही याच कुळातलं. मधे मेरू, भोवती जंबुद्वीप, मग खारा समुद्र, मग पुढचं द्वीप, मग उसाच्या रसाचा समुद्र, मग मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा, आणि शेवटी गोड्या पाण्याचा, प्रत्येक द्वीप आधीच्याच्या दुप्पट.

लहानपणी हे ऐकताना सगळं लक्ष त्या दुधातुपाच्या समुद्रांकडे असायचं. आता विष्णुपुराणातलं ते वर्णन परत वाचलं तेव्हा मी थांबले ती शेवटच्या पर्वतापाशी. सगळे समुद्र ओलांडले की सोन्याची भूमी, आणि तिच्या पलीकडे लोकालोक पर्वत. लोक म्हणजे जे दिसतं ते, अलोक म्हणजे जे दिसत नाही ते. पर्वताच्या अलीकडे सूर्याचा उजेड, पलीकडे अंधार. ज्यांनी ही कल्पना केली त्यांनी अंधारात काय आहे ते सांगायचा प्रयत्न केला नाही, पण अंधार कुठून सुरू होतो ते मात्र नीट दाखवलं, त्याला नाव दिलं, आणि तेही असं नाव की ज्यात दिसणारं आणि न दिसणारं एका शब्दात शेजारी शेजारी बसलंय.

माझ्या उजवीकडच्या नकाशात मला तो पर्वतच सापडत नव्हता.

ज्ञानाला नकाशा म्हणायची कल्पना तशी नवी नाही. 1751 मधे फ्रान्समधे दिदेरो आणि दालाँबेर यांच्या विश्वकोशाचा पहिला खंड आला, त्याच्या प्रस्तावनेत दालाँबेरने लिहिलंय की विश्वकोश म्हणजे एक प्रकारचा जगाचा नकाशा आहे, त्यात मुख्य देश कुठले, ते एकमेकांशी कसे जोडलेत, एकापासून दुसऱ्याकडे जाणारा सरळ रस्ता कुठला ते दिसायला हवं, आणि हा रस्ता अनेकदा हजार अडथळ्यांनी तुटलेला असतो. पुढे तो हेही कबूल करतो की नकाशा काढणारा ज्या जागी उभा आहे त्यानुसार नकाशा बदलतो, म्हणजे ज्ञानाचे असे कितीही वेगवेगळे नकाशे होऊ शकतात. त्या खंडात ज्ञानाचा एक मोठा तक्ता आहे, स्मृती, बुद्धी आणि कल्पनाशक्ती असे तीन स्तंभ पाडून सगळ्या विद्या त्यांच्याखाली लावलेल्या. त्यात ईश्वरविद्येच्या फांदीवर अगदी जवळच भविष्यकथन आणि काळी जादू यांनाही जागा आहे. काहींना तो खोडसाळपणा वाटतो, मला ती शेजारणी-शेजारणींची मांडणी फार विचार करून केलेली वाटते. कोण कुणाच्या बाजूला बसतं हे ठरवणं म्हणजेच तर नकाशा काढणं, आणि तिथे ते दोन माणसांनी आपल्या नावानिशी ठरवलं होतं, मागून शिव्या खायच्या तर त्यांनीच खाल्ल्या.

आताच्या विज्ञानाच्या नकाशात शेजार कुणी ठरवत नाही, तो मोजला जातो. याची सुरुवात युजीन गारफील्डपासून धरता येईल. प्रत्येक पेपर शेवटी जुन्या पेपरांची यादी देतो, मग ही यादी उलटी फिरवली तर एखाद्या जुन्या पेपरचा पुढे कुणी कुणी आधार घेतला ते सापडेल, ही कल्पना त्याने 1955 मधे मांडली आणि 1964 मधे त्याचा संदर्भकोश बाजारात आणला. 1965 मधे डेरेक डी सोला प्राइसने दाखवलं की या संदर्भांचं एक जाळं होतं, आणि त्या जाळ्यात विज्ञानाची पुढे सरकणारी आघाडी दिसते. मग 1973 मधे हेन्री स्मॉल आणि रशियात इरिना मार्शाकोवा यांना, दोघांना स्वतंत्रपणे, एकच गोष्ट सुचली, की दोन जुने पेपर जर पुढच्या लेखकांच्या यादीत पुन्हा पुन्हा बरोबरीने येत असतील तर ते दोघं जवळचे धरायचे. म्हणजे दोन माणसांची नावं लोक नेहमी एका दमात घेतात, मग त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं असो वा नसो. मला हे इद्रिसीच्या पद्धतीसारखंच वाटतं. खूप जणांचं सांगणं जुळलं की ते नकाशात. फरक एवढाच की इद्रिसीच्या समोर प्रवासी बसलेला असायचा, आणि इथे प्रवाशाला माहीतही नसतं की आपल्याला काही विचारलं गेलं.

2005 मधे केव्हिन बॉयॅक, रिचर्ड क्लावान्स आणि केटी बर्नर यांनी 7,121 जर्नल्स आणि दहा लाखांहून जास्त लेख घेऊन विज्ञानाचा असा एक नकाशा केला. माझ्यासाठी तो बघणं म्हणजे पहिल्यांदा विमानातून खाली बघण्यासारखं होतं. इतकी वर्षं जे विषय वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या कपाटांत बघितले ते सगळे एका पटावर, आणि जीवरसायन हे एखाद्या मोठ्या जंक्शनसारखं, जिथून चारी बाजूंना रस्ते फुटतात. नंतर 2009 मधे यातल्याच दोघांनी असे 20 नकाशे एकमेकांशी ताडून बघितले. वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या डेटावर, वेगवेगळ्या पद्धतीने केलेले नकाशे, आणि तरी क्रम बराचसा सारखा निघाला, गणिताच्या शेजारी भौतिकशास्त्र, मग रसायन, मग पृथ्वीविज्ञान, जीवशास्त्र, वैद्यक, मेंदू, मानसशास्त्र, समाजशास्त्रं, कॉम्प्युटर आणि पुन्हा गणित. गोल. बॅबिलोनच्या पाटीसारखा गोल, फ्रा माउरोच्या चर्मपत्रासारखा गोल. पण या गोलाच्या मधे कुणीच नाही, ना शहर ना पर्वत. मला यात मोठी सभ्यता दिसते, की एवढ्या लोकांनी मिळून एक जग काढलं आणि मधल्या खुर्चीवर कुणीच बसलं नाही.

इथे एक सावधगिरी मात्र हवी, आणि ती मला स्वतः हात घातल्यावर कळली. काही शे लेखांची यादी घेऊन मी घरच्या कॉम्प्युटरवर तसा एक नकाशा करून बघितला, विषय नकाशाच, म्हणजे नकाशांबद्दल लिहिलेले लेख. असलं सॉफ्टवेअर बहुतेकदा एक साधी युक्ती वापरतं, सगळे ठिपके एकमेकांना दूर ढकलतात आणि ज्या दोघांत संदर्भाची रेष आहे ते स्प्रिंगने बांधल्यासारखे एकमेकांकडे ओढले जातात. सुरुवातीला ठिपके कुठेही विखुरलेले, मग ते थरथरत, एकमेकांना ढोसत, हळूहळू सरकायला लागतात, पुंजके जमतात, एखादा ठिपका दोन पुंजक्यांच्या मधे अडकून बराच वेळ इकडेतिकडे हेलकावत राहतो, आणि काही मिनिटांनी सगळं शांत होतं. बघायला फार गोड वाटतं. मी चित्र सेव्ह केलं, परत तोच डेटा घालून पुन्हा चालवलं, आणि चित्र वेगळं. पुंजके तेच, पण आधी वर डावीकडे होता तो आता खाली, जो कडेला होता तो जवळजवळ मधे. चूक काहीच नव्हती. या नकाशाला उत्तर दिशा नसते. वर म्हणजे काय आणि डावीकडे म्हणजे काय याला अर्थ नाही, अर्थ फक्त कोण कुणाच्या जवळ याला, आणि दूरच्या पुंजक्यांच्या बाबतीत तर तोही फार ताणून चालत नाही.

गणितज्ञ गाऊसने 1827 मधे सिद्ध केलं की गोलाचा पृष्ठभाग कुठेही न ताणता न आखडता सपाट कागदावर उतरवता येत नाही, संत्र्याची साल टेबलावर दाबली की फाटतेच. तीन मितींचं दोन मितींत आणताना ही गत. इथे एकेका जर्नलची ओळख हजारो आकड्यांच्या रांगेतून ठरते, आणि ते सगळं आपण दोन मितींच्या स्क्रीनवर दाबून बसवतो. म्हणजे फाटणार, नक्की फाटणार, फक्त कुठे फाटलंय ते दिसत नाही. हेरफर्डच्या नकाशावर युरोप आणि आफ्रिका ही नावं मोठ्या सोनेरी अक्षरांत अदलाबदल होऊन पडली आहेत, युरोपवर आफ्रिका लिहिलंय आणि आफ्रिकेवर युरोप, आणि सातशे वर्षांनंतरही कुणीही समोर उभं राहून ती चूक वाचू शकतं. तशी वाचता येणारी चूक मला जास्त परवडते.

वस्ती कुणाची मोजली हाही प्रश्न आहेच. संदर्भ मोजायचे तर जे छापून येतं, त्यातही जे मोठ्या सूचींमधे नोंदलं जातं, आणि ते बहुतांशी इंग्रजीत, तेवढंच मोजलं जातं. जो वाचतो पण लिहीत नाही तो नकाशावर नसतो. 2009 मधे योहान बोलेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संदर्भांऐवजी क्लिक मोजून नकाशा केला, ऑनलाइन जर्नल्समधे वाचक एका लेखावरून कुठल्या लेखावर जातात, अशा जवळजवळ 100 कोटी नोंदींवरून, आणि त्या नकाशात समाजशास्त्रं आणि मानव्यविद्या, ज्या एरवी कुठेतरी कडेला असतात, त्या मधोमध आल्या. नर्सिंगसारखे विषय, जिथे वाचून कामाला लावणारे हजारो आणि पेपर लिहिणारे थोडे, तेही उजेडात आले. लिहिणाऱ्यांचा नकाशा एक आणि वाचणाऱ्यांचा दुसरा. आणि जे हाताने शिकतात, सुतार, सुइणी, नावाडी, त्यांच्या ज्ञानाचा ठिपका या दोन्हींत कुठेच नाही. ते अज्ञात नाही, फक्त मोजलेलं नाही, आणि नकाशात मात्र दोन्हींना एकच पांढरा रंग.

तर पुन्हा त्या पांढऱ्याकडे येते. जुन्या नकाशांतही माहीत नसलेल्या जागा लोकांनी नेहमीच प्रामाणिकपणे सोडल्या असं नाही, भरून टाकायचा मोह त्यांनाही होता. इंग्रज नकाशाकार जेम्स रेनेलने 1798 मधे पश्चिम आफ्रिकेच्या नकाशात काँगचे पर्वत म्हणून एक लांबलचक रांग काढली. पर्वत तिथे नव्हतेच. पण रेनेलचं नाव मोठं, त्यामुळे पुढच्या नकाशांनी ती रांग उचलली, त्यांच्यावरून आणखी पुढच्यांनी, जवळजवळ शंभर वर्षं, आणि 1887 ते 1889 मधे बँजे नावाचा फ्रेंच अधिकारी खरोखर त्या भागातून गेला तेव्हा त्याला पर्वत काय, साधी टेकड्यांची सलग रांगही सापडली नाही. एकाने लिहिलं म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने लिहिलं म्हणून तिसऱ्याने, हे आजच्या संदर्भांच्या यादीतही होतं, मागे घेतलेल्या पेपरांचे संदर्भ नंतरही वर्षानुवर्षं दिले जातात, आणि प्रत्येक संदर्भासोबत नकाशावर त्या न-असलेल्या पर्वताची उंची वाढते. जुन्या नकाशांवर ‘इथे ड्रॅगन आहेत’ असं लिहायचे, हेही आपण असंच एकमेकांकडून ऐकून सांगत असतो. खरं तर ते वाक्य सुमारे 1510 सालच्या एका छोट्या तांब्याच्या पृथ्वीगोलावर आहे, जो आता न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे, बाकी नकाशांवर ते जवळपास सापडत नाही.

पण 1507 मधे वाल्डझेम्युलरने ज्या नकाशावर पहिल्यांदा अमेरिका हे नाव घातलं तो झूम करून बघा. नव्या खंडाचा पूर्वेचा किनारा बारीक वळणावळणाचा, जागोजागी नावं, आणि पश्चिमेकडे पुढची भूमी अज्ञात असं सरळ लिहून टाकलेलं. आणि 1513 मधे त्याच माणसाच्या हातून पुन्हा नकाशा आला तेव्हा त्याने अमेरिका हे नावच काढून टाकलं आणि त्या जागी लिहिलं अज्ञात भूमी. सहा वर्षांत नाव देऊन परत घ्यायचं. मला त्या परत घेण्यात फार धीर दिसतो.

विज्ञानाच्या नकाशात असं लिहायला जागा कुठे, हे मी बरेच दिवस ठिपक्यांच्या बाहेर शोधत होते, जिथे पांढरा स्क्रीन सुरू होतो तिथे. उत्तर मिळालं डॉन स्वॉन्सनच्या कामात. शिकागो विद्यापीठातला हा माणूस, शिक्षण भौतिकशास्त्राचं, काम माहितीशास्त्रात, डॉक्टर नव्हे. 1986 मधे त्याने दोन प्रकारचे वैद्यकीय लेख शेजारी शेजारी ठेवले. एका ढिगात रेनॉड नावाच्या आजारावरचे लेख, ज्यात थंडीने बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बोटं पांढरीफटक पडतात. त्या लेखांत लिहिलं होतं की अशा रुग्णांचं रक्त जास्त दाट असतं, रक्तकणिका एकमेकींना चिकटतात. दुसऱ्या ढिगात माशांच्या तेलावरचे लेख, त्यांत लिहिलं होतं की हे तेल घेतल्याने रक्त पातळ होतं, रक्तकणिका कमी चिकटतात. दोन्ही गोष्टी छापलेल्या, दोन्ही ग्रंथालयात, कुणालाही वाचता येतील अशा. आणि या ढिगातला माणूस त्या ढिगातल्याचा संदर्भ देतच नव्हता. स्वॉन्सनने फक्त दोन वाक्यं जोडली आणि विचारलं, मग हे तेल या आजाराला उपयोगी पडेल का? 1989 मधे रुग्णांवर छोटी चाचणी झाली आणि निदान काही प्रकारच्या रुग्णांना खरंच फायदा दिसला. 1988 मधे त्याने हेच अर्धशिशी आणि मॅग्नेशियमच्या बाबतीत केलं, 11 दुवे काढून दाखवले जे सगळ्यांच्या डोळ्यासमोर होते.

हे वाचल्यावर मी माझ्या उजवीकडच्या नकाशाकडे परत गेले आणि तो मला एकदम वेगळा दिसला. लोकालोक बाहेरच्या कडेला नव्हताच. तो आत होता, प्रत्येक दोन पुंजक्यांच्या मधे, जिथे रेष नाही तिथे. अलीकडे उजेड, पलीकडेही उजेडच, अंधार फक्त मधल्या चिंचोळ्या पट्टीत, आणि ती पट्टी इतकी अरुंद असू शकते की एक माणूस दोन कपाटांमधे उभा राहून दोन्हीकडे हात पोचवेल. अर्थात प्रत्येक रिकाम्या पट्टीत काही दडलेलं असतंच असं नाही, बहुतेक ठिकाणी दोन विषयांना एकमेकांशी काहीच देणंघेणं नसतं. पण कुठल्या पट्टीत आहे आणि कुठल्या नाही हे नकाशा सांगत नाही. ते चालत जाऊनच बघावं लागतं, बँजेसारखं.

अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ मारी थार्पची आठवण इथे येतेच. 1952 च्या सुमारास ती अटलांटिकच्या तळाच्या खोलीचे आकडे कागदावर उतरवत होती, स्वतः तेव्हा संशोधनाच्या जहाजावर तिला जाऊ देत नव्हते, आणि तिला समुद्राखालच्या पर्वतरांगेच्या मधोमध एक खोल दरी दिसली, सलग. सोबत काम करणारा ब्रूस हीझन म्हणाला ही बायकी बडबड आहे. पण आकडे तेच सांगत होते, आणि भूकंपांचे ठिपके त्या दरीवर अचूक येऊन बसल्यावर त्यालाही मान्य करावं लागलं. 1957 मधे दोघांनी उत्तर अटलांटिकच्या तळाचा नकाशा छापला. पृथ्वीच्या त्या एका नकाशाने ज्ञानाचा नकाशा हलवला, खंड सरकतात हे ज्यांनी हसून सोडून दिलं होतं त्यांना परत विचार करावा लागला. पण मला या सगळ्यात तिने स्वतः नंतर लिहिलेली एक छोटी आठवण सगळ्यात जवळची वाटते. जिथे त्यांच्याकडे आकडेच नव्हते तिथे त्यांनी जुन्या नकाशाकारांसारखी खुणांची मोठी सूची बसवली. तिला तिथे जलपऱ्या आणि बुडालेली जहाजंही काढायची होती, हीझनने ऐकलं नाही.

माझ्या त्या घरगुती नकाशात दोन मोठे पुंजके होते. एकात जुन्या नकाशांचे इतिहासकार, दुसऱ्यात संदर्भ मोजून विज्ञानाचे नकाशे काढणारे. दोघांच्याही लेखांच्या नावात नकाशा हा शब्द, आणि मधे जेमतेम दोन-तीन रेषा. काल मी त्याचा प्रिंट काढला. सॉफ्टवेअर खुणांची सूची खाली उजव्या कोपऱ्यात टाकतं, ती मी उचलून त्या दोन पुंजक्यांच्या मधे ठेवली आणि तिच्या खाली पेन्सिलीने तारीख घातली. मधल्या रेषांपैकी एक ज्या लेखावर जाते तो लेख आता टेबलावर आहे, अजून पहिलंच पान झालंय, आणि तळटीपेत टॉलेमीचं नाव आलंय.